लहान ड्रोन : प्रथमाभ्यास व स्थलसंशोधनांतील उपयोग

१. प्रयोजन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, बखरी, शिलालेख, ताम्रपट व नाणीं हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहातात. परंतु ज्या भूमीवर तो इतिहास घडला, ती भूमि हेंहि एक साधनच होय. आणि इतर साधनांप्रमाणें तिचेंहि वाचन करावें लागतें. पडक्या वाड्याचें जोतें, बुजलेला खंदक, ओसाड गांवाची पांढर, गडावरील टाक्यांची ओळ, या गोष्टी पायीं हिंडणारास तुकड्यातुकड्यांनीं दिसतात. त्यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपांत कळण्यास उंची लागते. ही उंची पूर्वीं विमानें बाळगणाऱ्या सरकारी खात्यांसच लाभे. आतां ती पाव किलोहून हलक्या, पिशवींत मावणाऱ्या ड्रोनमुळें खाजगी अभ्यासकाच्याहि आटोक्यांत आली आहे.

हें साधन निकडीच्या वेळीं हातीं आलें आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतांत नेण्याची चाल जुनी आहे. पण जें काम पूर्वीं बैलगाड्यांनीं वर्षानुवर्षें चाले, तें आतां जेसीबी यंत्र दोनचार दिवसांत उरकतें. घोड नदीकांठच्या इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन करून ताम्रपाषाणयुगांतील वसतीचा वृत्तांत उजेडांत आणिला. असें भाग्य प्रत्येक टेकाडाच्या वांट्यास येणें शक्य नाहीं. ज्याच्या वांट्यास तें येणार नाहीं, त्याचें यथार्थ चित्र तरी तें सपाट होण्यापूर्वीं घेतलें गेलें पाहिजे. आणि हें काम ठिकठिकाणच्या अभ्यासकांनींच करण्यासारखें आहे.

मात्र ड्रोन विकत घेणें निराळें व तो चालवितां येणें निराळें. अशिक्षित हातांतील यंत्र पडकी भिंत, पाहाणाराचें डोकें अगर मधमाश्यांचें पोळें यांपैकीं कशावर जाऊन आदळेल याचा नेम नसतो. म्हणून नवशिक्यानें हा अभ्यास कोणत्या क्रमानें करावा, आणि त्यानें मिळणाऱ्या चित्रांवर विश्वास कितपत ठेवावा, या दोनच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

२. पूर्वपीठिका

आकाशांतून भूमि कशी दिसेल ही कल्पना आपल्या कवींस अपरिचित नव्हती. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून दिसणारा समुद्र व अरण्यप्रदेश राम सीतेस दाखवितो. मेघदूतांतील मार्गवर्णनहि मेघाच्या उंचीवरूनच केलेलें आहे. परंतु कल्पना व प्रमाण यांत अंतर असतें. प्राचीन अवशेषाचें आकाशांतून छायाचित्र घेऊन त्याचा अभ्यास करण्याची रीति विसाव्या शतकांतील आहे. १९०६ सालीं इंग्लंडांतील स्टोनहेंज या शिलावर्तुळाचें छायाचित्र लष्करी फुग्यांतून घेण्यांत आलें. पुढें पहिल्या महायुद्धांत वैमानिक निरीक्षकाचें काम केलेले ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनीं या रीतीस शास्त्राचें रूप दिलें. वायुदलानें १९२१ सालीं घेतलेल्या छायाचित्रांत त्यांस स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाच्या दोन समांतर रेषा दिसल्या. जमिनीवर त्या भागांत त्यांचा मागमूस राहिला नव्हता. क्रॉफर्ड चित्रावर थांबले नाहींत. १९२३ सालीं त्या जागीं चर खणून बुजलेले खंदक त्यांनीं प्रत्यक्ष दाखविले. १९२५ सालीं इन्सॉल नांवाच्या वैमानिकास जवळच्याच एका शेतांत वर्तुळाकार खुणा दिसल्या. मॉड कनिंग्टन या विदुषीनें तेथें उत्खनन केलें, तेव्हां लांकडी खांबांच्या खड्ड्यांचीं एकांत एक अशीं सहा वर्तुळें निघालीं. तेंच वुडहेंज होय. चित्र आधीं व खणती मागून, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

यंत्राची पूर्वपीठिकाहि थोडक्यांत सांगतों. इंग्रजींत नर मधमाशीस ड्रोन म्हणतात. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनीं तोफांच्या नेमबाजीसाठीं बिनतारी संदेशांवर चालणारें 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, या नांवाचें विमान प्रचारांत आणिलें. त्यावरून पुढें ड्रोन हा शब्द रूढ झाला असें सांगतात. चार ठिकाणीं पंखे फिरवून सरळ वर उडण्याची कल्पना तर याहूनहि जुनी आहे. १९०७ सालीं फ्रान्सांत ब्रेगे बंधूंनीं प्रोफेसर रिशे यांच्या साहाय्यानें असें एक यंत्र जमिनीवरून थोडेसें उचललें. मात्र तें कलंडूं नये म्हणून चार माणसांस त्याचे चार कोपरे सांवरून धरावे लागले.

३. यंत्राची रचना

त्या चार माणसांचें काम आजच्या ड्रोनमध्यें बोटाच्या नखाएवढीं उपकरणें करितात. यंत्र किती कललें व किती वेगानें वळलें हें तीं उपकरणें क्षणोक्षणीं मोजतात, आणि आंतील लहानसा संगणक प्रत्येक पंख्याचा वेग सेकंदांत शेंकडों वेळां कमीजास्त करून तोल राखितो. चार पंख्यांपैकीं समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन घड्याळाच्या कांट्याप्रमाणें व उरलेले दोन उलट दिशेनें फिरतात. सर्व एकाच दिशेनें फिरते, तर यंत्राचें धूड विरुद्ध दिशेस गरगर फिरत राहातें. दोन जोड्या परस्परांचा तो परिणाम नाहींसा करितात.

एवढें समजलें म्हणजे सर्व गति समजतात. चारहि पंख्यांचा वेग वाढला कीं यंत्र वर चढतें. मागच्या दोहोंचा वाढला कीं नाक खालीं होऊन तें पुढें जातें. डावीकडील दोहोंचा वाढला कीं उजवीकडे सरकतें. एका जोडीचा वाढून दुसरीचा घटला कीं जागच्या जागीं वळतें. रिमोटवर दोन दांड्या असतात. प्रचलित रचनेंत डाव्या दांडीनें चढणेंउतरणें व जागच्या जागीं वळणें होतें. उजवीनें पुढेंमागें व डावीउजवीकडे सरकणें होतें. पंखे बदलतांना उलटसुलट बसविले तर यंत्र उडतांक्षणींच कोलमडतें. त्यावरील खुणा पाहूनच ते बसवावे.

४. अभ्यासक्रम

वेदपाठशाळेंत विद्यार्थ्यास एकदम घनपाठ सांगत नाहींत. पदपाठ झाला म्हणजे क्रम, क्रम झाला म्हणजे जटा, व शेवटीं घन, अशी पायरी असते. मधली गाळली तर पुढची टिकत नाहीं. येथेंहि तोच न्याय लागू आहे. प्रस्तुत लेखकानें खालील क्रम साठी उलटल्यावर शाळेच्या मैदानावर एका माजी विद्यार्थ्याच्या देखरेखीखालीं गिरविला. रोज दोन बॅटऱ्या, म्हणजे सुमारें पंधरा मिनिटें, या मानानें दीड महिन्यांत हात बसला. तेव्हां वय ही अडचण समजूं नये.

प्रथम यंत्र स्वस्तांतलें, पाव किलोहून पुष्कळ हलकें व पंख्यांभोंवतीं कडीं असलेलें घ्यावें. उपग्रहांच्या साहाय्यानें आपोआप स्थिर राहाणारें महाग यंत्र आरंभास घेऊं नये. त्यावर शिकणारास यंत्र उडवितां येतें असें वाटतें, पण उडवीत असतें तें यंत्रच. पुढें एखाद्या कड्याखालीं उपग्रहांचा संदेश तुटला म्हणजे तें वाऱ्याबरोबर वाहूं लागतें, आणि त्या वेळीं हाताची विद्याच कामास येते.

पहिला पाठ स्थिरतेचा. सकाळीं वारा पडलेला असतां मोकळ्या मैदानावर यंत्राचें शेपूट आपल्याकडे करून दहापंधरा पावलें मागें उभें राहावें. यंत्र उचलून पुरुषभर उंचीवर आणावें व तेथेंच राखावें. फार खालीं ठेवूं नये, कारण पंख्यांचा वारा जमिनीवर आपटून परत येतो व यंत्र हेलकावतें. दांडी ढकलावयाची नसते, अंगठ्यानें नुसती सुचवावयाची असते. एका जागीं मिनिटभर यंत्र राखतां आलें म्हणजे हा पाठ झाला.

दुसरा पाठ चौकोनाचा. मैदानावर चार दगड मांडून शेपूट आपल्याकडेच ठेवून एकेका दगडावर यंत्र न्यावें, थांबवावें, पुढें न्यावें. तिसरा पाठ सर्वांत कठीण. तो म्हणजे यंत्राचें तोंड आपल्याकडे असतां तें चालविणें. आरशापुढें उभें राहिल्याप्रमाणें तेव्हां डावेंउजवें उलटें होतें, आणि बहुतेक नवशिक्यांचीं यंत्रें येथेंच झाडांत जातात. यास एक सोपी युक्ति आहे. समोर तोंड करून असलेलें यंत्र ज्या बाजूस कलंडत असेल, त्याच बाजूस उजवी दांडी हलकेच न्यावी, जणूं खचणाऱ्या बाजूस आपण टेकू देत आहों. या युक्तीनें विचार करण्यांत वेळ जात नाहीं. चौथा पाठ वर्तुळाचा व नंतर इंग्रजी आठाच्या आकड्याचा. यांत यंत्राचें तोंड सर्व दिशांस फिरतें व दोन्ही अंगठे एकदम चालवावे लागतात. पांचवा पाठ उतरण्याचा. सरळ रेषेंत भरभर खालीं आणल्यास यंत्र स्वतःच ढकललेल्या खळबळलेल्या हवेंत सांपडतें, पंख्यांस धर मिळेनासा होतो व तें एकाएकीं कोसळतें. म्हणून सावकाश, किंचित् तिरपें सरकत उतरावें.

५. बॅटरी, वारा व घरवापसी

लिथियमच्या बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट दाखवितो. तो ३ व्होल्टच्या खालीं गेला तर कायमचा बिघडतो. बरेच दिवस ठेवावयाची झाल्यास सुमारें ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूं नये. ती पेट घेऊं शकते. भरतांना जवळ मनुष्य असावा. उड्डाणांत एक तृतीयांश शक्ति शिल्लक असतांच परत फिरावें. जातांना वाऱ्याविरुद्ध जावें व येतांना वाऱ्याबरोबर यावें; याच्या उलट केल्यास येतांना शक्ति संपून यंत्र वाटेंतच राहातें. डोंगराच्या वाऱ्याकडील अंगास हवा वर चढते व पाठीमागील अंगास खालीं ओढते, हें सह्याद्रींत उडविणारानें विसरूं नये.

पुष्कळ यंत्रांत संदेश तुटल्यास उड्डाणाच्या जागीं आपोआप परतण्याची सोय असते. परतण्याची उंची आपण आधीं ठरवून द्यावयाची असते, आणि ती उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. समजा, राजगडाच्या पद्मावती माचीवरून यंत्र उडविलें व परतीची उंची तीस मीटर ठेविली. बालेकिल्ला माचीहून त्याहून कितीतरी उंच आहे. यंत्र त्याच्या पलीकडे असतां परत फिरलें, तर सरळ कातळावर जाऊन आदळेल. होकायंत्राविषयींहि असेंच सांगणें आहे. लोखंडी तोफेशेजारीं अथवा कठड्याजवळ उड्डाण केल्यास यंत्रास दिशाभ्रम होतो. गडावर तोफेजवळची सपाट जागा मोहक दिसते, ती टाळावी.

६. नियम व मर्यादा

आपल्या देशांत २०२१ सालीं ड्रोन नियम अमलांत आले व २०२२ सालीं त्यांत दुरुस्ती झाली. त्यांप्रमाणें २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास नॅनो व त्यापुढें २ किलोग्रॅमपर्यंतच्या यंत्रास मायक्रो म्हणतात. नॅनो, तसेंच अव्यापारी कामासाठीं मायक्रो यंत्र उडविण्यास वैमानिकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. परंतु प्रमाणपत्र नको म्हणजे नियम नकोत असें नव्हे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशांत हिरवा, पिवळा व तांबडा असे प्रदेश दाखविले आहेत. हिरव्या प्रदेशांत जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारें १२० मीटर, एवढ्या उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाहीं. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत ही मर्यादा २०० फुटांची आहे. पिवळ्या प्रदेशांत विमानवाहतूक नियंत्रणाची व तांबड्यांत केंद्र सरकारची परवानगी हवी. शिवाय शहरांतून पोलिसांचे तात्पुरते मनाईहुकूम निघतात, तेहि पाहावे. नियम बदलत असतात; निघण्यापूर्वीं नकाशा व नियम पुन्हा पाहाणें हा परिपाठच ठेवावा.

संरक्षित स्मारकांविषयीं विशेष सांगणें आहे. २०२५ सालीं रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर इत्यादि महाराष्ट्रांतील अकरा व तामिळनाडूंतील जिंजी मिळून बारा दुर्गांची युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणना झाली. तेव्हांपासून तेथील चित्रें घेण्याची हौस वाढणें साहजिक आहे. परंतु पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीवांचून कोणत्याहि संरक्षित स्थळीं यंत्र उडवूं नये. नवशिक्याचें स्थान तर तेथें नाहींच. अभ्यास गांवच्या मैदानावर करावा, आणि पुढें प्रथम काम कोणाचेंहि लक्ष नसलेल्या पांढरीवर करावें. उपयोगहि तेथेंच अधिक आहे.

कड्यांवर आग्या मोहोळें असतात. त्यांच्याजवळ गुणगुणणारें यंत्र गेल्यास माश्या उठतात, आणि त्याचें फळ खालून चढणाऱ्या वाटसरूंस भोगावें लागतें. घारी व गरुड यंत्रावर झडप घालतात. गिधाडांच्या घरट्यांच्या आसपास तर जाऊंच नये. गांवांत उडविण्यापूर्वीं ग्रामपंचायतीस व शेताच्या मालकास कळवावें. २०२४ सालीं मराठवाड्यांतील कांहीं गांवांत रात्रीं फिरणाऱ्या ड्रोनच्या वार्तांनीं लोक जागत होते. अशा ठिकाणीं न सांगतां यंत्र उडविणें म्हणजे संशयास आमंत्रण होय. लोकांच्या परसांत डोकावणें हा तर असभ्यपणा आहे. चार घटका चावडीवर बसून आपण काय करीत आहों हें सांगितलें, तर पांढरीची जुनी नांवें व दंतकथाहि पदरांत पडतात.

७. चित्राचें वाचन

हात बसल्यावर खरें काम सुरू होतें. बुजलेल्या वास्तूच्या खुणा वरून तीन प्रकारें दिसतात. पहिला प्रकार सांवल्यांचा. सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वीं प्रकाश तिरपा असतां वीतभर उंचवट्याचीहि लांब सांवली पडते. भर दुपारीं तोच उंचवटा दिसेनासा होतो. दुसरा मातीच्या रंगाचा. नांगरट झाल्यावर काळ्या रानांत पांढुरकी माती अथवा राख वर येते. तिसरा पिकाचा. बुजलेल्या खंदकावर माती खोल असल्यानें ओल टिकते व पीक तेथें उंच व हिरवें राहातें. पुरलेल्या भिंतीवर माती उथळ असल्यानें तें खुरटून लवकर पिवळें पडतें. पाऊस सरून ओल उतरूं लागली म्हणजे रब्बीच्या रानांत या दृष्टीनें पाहावें.

चित्रें घेतांना यंत्र एका उंचीवर ठेवून समांतर पट्टे घ्यावे, आणि लगतच्या दोन चित्रांत सुमारें तीन चतुर्थांश भाग सामाईक ठेवावा. म्हणजे तीं संगणकावर जोडून मापाचा नकाशा करितां येतो. जमिनीवर लांबी ठाऊक असलेली काठी आडवी ठेवावी. तारीख, वेळ, उंची, गांव, गटक्रमांक व पिकाचें नांव वहींत टिपावें. टिपणावांचून चित्र म्हणजे मितीवांचून पत्र. त्याची योग्यता संशोधकांस वेगळी सांगावयास नको.

आतां विश्वासाचा प्रश्न. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर चित्रांतील रेषा ही प्रत्यक्ष आहे, पण 'येथें तटबंदी होती' हें अनुमान आहे. धूर पाहून अग्नीचें अनुमान करितांना तो धूरच आहे, धुकें नाहीं, याची खात्री करावी लागते. शेतांतील वर्तुळ बुरुजाचें असूं शकेल. तें जुन्या खळ्याचेंहि असूं शकेल, किंवा खुंट्याभोंवतीं चरणाऱ्या जनावराचेंहि. सरळ रेषा ही तटाची नसून पाण्याचा नळ टाकण्यासाठीं खणलेल्या चराची असूं शकते. यास हेत्वाभास म्हणतात. त्याचें निरसन चित्र अधिक वेळ न्याहाळून होत नाहीं. जागेवर जाऊन, खापरें पाहून, म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारून, जुना जमाबंदीचा नकाशा ताडून होतें. क्रॉफर्ड यांनीं चर खणून रेषा पडताळून पाहिली, तिचें महत्त्व येथें आहे. आपणांस खणण्याचा अधिकार नाहीं, आणि तो हातीं घेऊंहि नये. पण चालत जाऊन पाहाण्यास कोणाची आडकाठी नाहीं. जें पडताळतां आलें नाहीं, तें 'संशयित' असें स्पष्ट लिहूनच प्रसिद्ध करावें.

दुसरेंहि एक पथ्य आहे. अज्ञात स्थळाचा नेमका ठावठिकाणा चित्रासह सर्वत्र पसरविल्यास धनलोभी लोक तेथें पहारी घेऊन जातात. तो पुरातत्त्व खात्यास व विद्यापीठास अवश्य कळवावा. चव्हाट्यावर मांडूं नये.

८. उपसंहार

सारांश, हें यंत्र पाय थकलेल्या अभ्यासकास डोळा देतें, पण पायांची गरज नाहींशी करीत नाहीं. ज्यास गडाच्या माथ्यावर जाववत नाहीं त्यानें पायथ्याशीं बसून यंत्र चालवावें व तरुण सोबत्यानें वर जाऊन तपासावें. अशा जोड्या जमल्या तर दोघांचेंहि शिक्षण होईल. या हिंवाळ्यांत प्रत्येक वाचकानें आपल्या तालुक्यांतील एकेक पांढर निवडावी, रीतसर परवानगी घेऊन तिचीं चित्रें व टिपणें करावीं, आणि पुढील हिंवाळ्यांत त्याच जागेचीं पुन्हा घ्यावीं. दोन चित्रांतील फरक पाहिला म्हणजे घाई कां करावयास पाहिजे हें निराळें सांगण्याची आवश्यकता उरणार नाहीं. इत्यलम्.